सेकंदाचाही फरक नाही

ड्रायव्हरकाकांचा डेपोत एकच तोरा होता. "घर ते डेपो, चालत दहा मिनिटं. जन्मात कधी उशीर नाही."

जावयाने त्यांना रेडिओ सिग्नलवर चालणारं डिजिटल घड्याळ दिलं. "बाबा, रात्री खिडकीत ठेवा. आपली वेळ आपणच लावून घेतं, सेकंदाचाही फरक नाही." ओरखडे पडतील म्हणून काकांनी ते मनगटाला लावलंच नाही, खिडकीतच मांडलं.

सकाळी बघतात तर भिंतीवरचं जुनं घड्याळ चक्क दहा मिनिटं पुढे. त्यांनी स्टुलावर चढून त्याचे काटे मागे घेतले आणि ठरल्या वेळी ऐटीत निघाले. डेपोत पोचेपर्यंत त्यांची बस दुसराच ड्रायव्हर घेऊन गेला होता.

घरी येऊन ते खुर्चीत मटकन बसले. "पाय गेले गं माझे. दहा मिनिटांच्या रस्त्याला आज वीस लागली. नोकरी सोडावी म्हणतो."

"एका रात्रीत कुणी म्हातारं होत नाही," काकू म्हणाल्या. "जेवा आणि झोपा."

दुसऱ्या दिवशी काका शीळ घालत परतले. "पोचलो बघ दहा मिनिटांत. आणि जावईबापूंचं घड्याळ भिंतीवरच्याशी तंतोतंत जुळतंय."


"जुळणारच," काकू म्हणाल्या. काका झोपल्यावर त्यांनी इतकी वर्षं एकाच घड्याळाशी करावी लागणारी दहा मिनिटं पुढे ठेवण्याची लबाडी आता दोन्हींशी नीट झाल्याची खात्री केली आणि सिग्नल लागू नये म्हणून नवं घड्याळ कालच्यासारखंच पहाटेपर्यंत पुन्हा डाळीच्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं.