जमिनीलगतची खिडकी

घर जागेवर नव्हतं. उमरेडची ती विणकरांची गल्ली तीच होती, कोपऱ्यावरची विहीरही तीच. पण विहिरीपासून तिसऱ्या दारी जिथे कौलारू घर असायला हवं होतं, तिथे पोपटी रंगाचं दुमजली स्लॅबचं घर छाती काढून उभं होतं. केशवरावांच्या मागे आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाची अठ्ठावीस पोरं मोजायच्या टेप आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन ताटकळत होती.

"कोणाले पाहून राहिले जी?" ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या रंभाबाईनं विचारलं.

"इथे एक कौलारू घर होतं. विणकर सोसायटीनं बांधलेलं."

"ते आमच्या सासऱ्याचं. पाडलं ना जी, चार वर्सं झाले. पोराचं लग्न होतं."

केशवराव नुसतं "बरं" म्हणाले. बत्तीस वर्षं त्यांनी नागपूरच्या कॉलेजात दुसऱ्यांनी बांधलेल्या इमारती शिकवल्या होत्या. त्याआधी, ऐन उमेदीत, त्यांच्या हातून एकच वास्तू उभी राहिली, ती हे घर. सोसायटीचं नमुन्याचं घर होतं. पसंत पडलं तर तशी चाळीस बांधायची होती. पण सोसायटीच बुडाली आणि केशवराव मास्तरकीला लागले. येत्या जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. अभ्यास सहलीसाठी पोरांना चंदीगड हवं होतं. सरांनी हट्टानं उमरेड घेतलं, तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. मोजमाप आटोपलं की दारात उभं राहून सांगायचं, पोरांनो, हे मी बांधलंय, एवढीच त्यांची हौस होती. आता सांगायला दारच उरलं नव्हतं.

"सर, मग आता?" सुरुचीनं विचारलं. वर्गात तिच्याइतकं नेटकं ड्रॉइंग कोणाचं नसायचं.

"आता काय! चौघाचौघांचे गट करा. विचारून जे घर मिळेल ते मोजा. तीनपर्यंत नकाशे हवेत."

पोरं पांगली. रंभाबाईनं न विचारताच चहा आणला. केशवराव ओट्यावर बसले. त्यांना वाईट वाटत होतं, फारच वाईट वाटत होतं, आणि या वयात एका घरासाठी वाईट वाटतं म्हणून थोडी लाजही वाटत होती.

खरं तर त्या घरात त्यांची अशी एकच गोष्ट होती. विणणारा जमिनीवर बसतो, पाय मागाच्या खड्ड्यात सोडून. उंचावरच्या खिडकीचा उजेड त्याच्या डोक्यावर पडतो, कापडावर नाही. म्हणून त्यांनी मागच्या, उत्तरेच्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर, हातभर उंचीची लांबलचक आडवी खिडकी ठेवली होती. ती पाहून रंभाबाईच्या सासऱ्यानं अख्खी गल्ली गोळा केली होती. "साहेब, खिडकी खाली घसरली का जी तुमची?" माणसं पोट धरधरून हसली होती. ते आठवून केशवराव आजही कानकोंडे झाले.

तीनला पोरं परतली ती धावतच.

"सर, भन्नाट सापडलंय," हर्षित म्हणाला. चंदीगडसाठी सगळ्यात जास्त कुरकुर यानंच केली होती. "सात घरं मोजली. सातही घरांत मागच्या भिंतीला जमिनीलगत आडवी खिडकी आहे. माग दोनच घरी चालू आहेत, पण खिडकी सगळ्यांकडे. या स्लॅबच्या घरातसुद्धा."

केशवराव कप ठेवून उठले आणि रंभाबाईच्या मागच्या खोलीत गेले. तिथे माग नव्हता. रंभाबाईचा रांगता नातू पालथा पडून खिडकीतून परसातल्या शेळ्या पाहत होता. खिडकी जमिनीपासून वीतभर वर होती, हातभर उंच. मापसुद्धा इकडचं तिकडे झालं नव्हतं.

"मिस्त्री नाहीच म्हणून राहिला होता जी," मागून आलेली रंभाबाई म्हणाली. "म्या म्हटलं, हिच्याबिगर घर घरासारखं वाटते का? आमच्या इकडे पह्यलेपासून असतेच. मी नवरी होऊन आली तवा बी घरोघरी होत्या."

"परंपरा आहे सर," हर्षित ठासून म्हणाला. "दीडदोनशे वर्षांची तरी असणार."

केशवरावांच्या ओठांवर ‘हे मी बांधलंय’ हे वाक्य आलं होतं. बत्तीस वर्षं मनातल्या मनात घोटलेलं. चाळीस घरं बांधायची होती, इथे तर गल्लीच्या गल्ली झाली होती, आणि कोणाला पत्ता नव्हता. त्यांना हसूच फुटू लागलं.

सुरुचीनं नकाशा त्यांच्यापुढे धरला. "सर, कोपऱ्यात रचनाकाराच्या नावाची चौकट आहे. रिकामीच सोडू?"

"रिकामी काहून? आण इकडे."

त्यांनी पेन घेतलं, चौकटीत अगदी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘अज्ञात’, आणि तिच्या खाली, ‘तपासले’ या चौकटीत, झोकात सही केली.