भरताचा वास

शलाका गॅसवर वांगी भाजत होती. जे. पी. नगरमधल्या त्या फ्लॅटमध्ये तिच्या आईची, सुलभाताईंची, खाट आता हॉलमध्ये हलवली होती. तिथून त्यांना स्वयंपाकघर दिसे.

"आई, आज चंपाषष्ठी. खंडोबाला नैवेद्य दाखवला की तूही दोन घास खायचेस."

"दाखव नैवेद्य. मी नाही खाणार. माहीत आहे ना तुला?"

शलाकाला माहीत होते. लोक चातुर्मासात वांगे सोडतात आणि चंपाषष्ठीला देवाला भरीत-भाकरी दाखवून पुन्हा खायला लागतात. सुलभाताईंनी मात्र एका चातुर्मासात वांगे सोडले, ते परत तोंडात घातलेच नव्हते. "ह्यांचं वांगं बाजारात येईल, तेव्हा त्याचंच भरीत खाईन," असे त्या देवापुढे बोलून बसल्या होत्या. तेव्हा शलाका शाळेत जात होती.

ह्यांचं, म्हणजे शलाकाच्या वडिलांचे, विद्याधरांचे. सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी मातीतल्या एका जिवाणूचा गुण वांग्याच्या बियाण्यात आणला होता. फळ पोखरणारी अळी ते वांगे खाऊन मरे. तिच्यासाठी औषध फवारावे लागत नसे. पण असे जुळवून केलेले बी पुष्कळांना नको होते. शलाकालाही नको होते. एकदा ती फलक घेऊन वडिलांच्याच संस्थेच्या फाटकाबाहेर उभी राहिली होती. विद्याधरांनी गाडीची काच खाली करून "डबा आणलायस का?" एवढेच विचारले होते.

"हे मट्टूचं वांगं आहे आई, उडुपीकडचं. बसवनगुडीत जाऊन आणलं. बाबांच्या झाडांचा पराग एकदा यात मिसळला, तर पुन्हा निवडून काढता येणार आहे का?"

"ते तू त्यांना विचार. मला मध्ये घेऊ नकोस. मी काय, नुसती वाट बघणारी."

शलाकाने वांगे चिमट्याने उलटले. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी आईचे सगळे पथ्य काढून टाकले होते. "आवडेल ते खाऊ द्या," म्हणाले होते. तेव्हापासून ती सर्जापूर रोडच्या आपल्या घरून रोज येत होती.

दार उघडले. विद्याधर आज लवकर आले होते. चपला काढून ते दारातच उभे राहिले.

सुलभाताईंनी मान वळवली. मोठा श्वास घेतला.

"शलाका, हा तुझ्या गॅसचा वास नव्हे. लाकडांवर भाजलेल्या वांग्याचा आहे हा." त्या कोपरावर जोर देऊन उठू लागल्या. कितीतरी दिवसांत त्यांचा चेहरा असा उजळला नव्हता. "अहो, आणलंत? मिळाली परवानगी?"

"हात धुऊन येतो."

"आधी सांगा."

विद्याधर खाटेच्या कडेला बसले.

"चाचणी बंद केली. परवानगी येत नाही, संस्था तरी किती वर्षं जाळीघर सांभाळणार? आज झाडं उपटली. खड्ड्यात घालून जाळली, फळांसकट. नियमच आहे तसा."

"आजच?"

"चाचणीची समिती कुठे पंचांग बघते!"



"सगळी जाळलीत?"

"सगळी. राख होईपर्यंत उभा होतो."

"एकही खिशात घातलं नाहीत?"

"कल्लाप्पाही तेच म्हणाला. खड्डा खणायला होता तो. 'सार, स्वल्प रुची नोडि,' म्हणाला. थोडं चाखून तरी बघा, साहेब."

"मग?"

"चाचणीतलं फळ कोणी तोंडात घालायचं नाही, हे दर वर्षी नव्या मुलांना मीच शिकवत आलोय. सगळी तिथेच उभी होती."

शलाकाने गॅस बंद केला. ही बातमी ऐकायची म्हणून तिने कितीतरी सह्या गोळा केल्या होत्या. ती हॉलच्या तोंडाशी आली. चिमटा हातातच होता.

"बाबा, कसं लागायचं ते?"

"माहीत नाही गं."

त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितले. मुलांनी वर्गात अवघड प्रश्न विचारावा आणि मास्तरांनी खरे ते सांगून टाकावे, तसे. मग ते आपल्या तळहातांकडे बघत बसले.



"शलाका," सुलभाताई म्हणाल्या, "नैवेद्य दाखव आणि मला वाढ."

"आई, पण तू तर..."

"वाढ. देवाला मी सांगते काय ते."

विद्याधरांनी चमकून वर पाहिले. सुलभाताईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

शलाकाने वांगी सोलली, कुस्करली, कांदा-मिरची घातली. देवापुढे पान ठेवून तिने ते आईसमोर आणले. वडिलांचे पान वाढावे की नाही, हे तिला कळेना. तिने ते रिकामेच मांडले.

विद्याधरांनी बायकोला पाठीशी हात देऊन बसते केले. सुलभाताईंनी भाकरीचा लहानसा तुकडा मोडला, भरताला लावला.

"छान झालंय गं तुझं," त्या म्हणाल्या.

उजव्या हाताने त्या सावकाश जेवत होत्या. डाव्या हाताने त्यांनी नवऱ्याच्या शर्टाची बाही घट्ट धरून ठेवली होती, आणि प्रत्येक घासाआधी ती नाकाशी नेत होत्या.