सुपं घेऊन आलेल्या बाया

नऊ वाजत आले तरी बाया पार्वताबाईच्या अंगणातच उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात सूप, सुपात तूर.

ही रीत पार्वताबाईनंच पाडलेली. ज्या घरात बाईवर हात उचलला जातो, त्या दारात जाऊन बसायचं. शिवी नाही, दगड नाही. तूर निवडत राहायचं, तो माणूस बाहेर येऊन सगळ्यांसमोर कबुली देईस्तोवर. चार घरं अशी ताळ्यावर आली होती. त्याआधी तक्रारी करून कोणी काय दिवे लावले होते?

"कोणाचं घर हाय, आता तरी सांग," पार्वताबाई म्हणाली.

"निंघताना सांगीन," शकुन म्हणाली. मार खाणारी बाई अंगणवाडीच्या डब्यात चिठ्ठी टाकायची, ती शकुनच वाचायची, आणि नाव आधी फोडायचं नाही हा नियमही पार्वताबाईचाच. मागं एकदा नाव फुटलं अन् नवरा परतवाड्याले पळाला होता.

"बरं, लिवलं काय ते तं सांग."

"'आता नाही आल्या तं मी जित्ती राहत नाही.'"

पार्वताबाईचं डोकंच फिरलं. "अन् त्याची माय? एका घरात राहून तिच्या कानात काय बोळे हायत? आधी त्या सटवीले बसवा मधात. लाज वाटू द्या तिले."

सून रूपाली एकेक कप चहा आणून देत होती, डाव्या हातानं. पार्वताबाईला ते पाहवलं नाही.

"उजवा हात काहून काढत नाही वो ओढणीतून? माहेरी काही शिकवलं का नाही? अन् तो टीव्ही कमी कर. बोललेलं आयकू येऊन नाही राहिलं."

"मघा तुमीच वाढवला, आत्याबाई," रूपाली म्हणाली आणि आत गेली. आत पार्वताबाईचा मुलगा श्याम दाढी करत होता.

"चाला मंग," पार्वताबाईनं सूप उचललं. "उशीर होऊन राहिला."

शकुननं कप खाली ठेवला. अंगणात पोतं अंथरलं आणि त्यावर बसली. मागोमाग एकेक करत सगळ्याच बसल्या.

"आवो, बसता काय? जायचं हाय न?"

शकुननं सुपातली तूर निवडायला घेतली. आतला टीव्ही बंद झाला. रूपाली काखेत सूप धरून बाहेर आली, सासूच्या शेजारून पुढं गेली आणि बायांत जाऊन बसली.

शकुननं थोडं सरकून जागा केली.

"या, पार्वताबाई. मधात बसा."