खुर्चीवरचं जाकीट

हर्षदने अहवाल दुपारीच पुरा केला. शेजारच्या देशातले लोक सहाला घरी जातात, तरी आपल्यापेक्षा जास्त काम उरकतात, असं त्यात होतं.

"इतक्यात झालं? म्हणजे वरवर केलंयस," राणेसाहेब न वाचताच म्हणाले. "नऊपर्यंत बस, नीट कर. मीही आहेच."

पण सहाला मालाडमध्ये लेकीचं गॅदरिंग होतं. हर्षदने खुर्चीला जाकीट अडकवलं, कॉम्प्युटर चालू ठेवला आणि सटकला. लेकीने स्टेजवरून हात केला, तेव्हा शेजारच्या खुर्चीतला माणूसही नातीला हात करत होता. राणेसाहेब. त्यांचा कोट अंधेरीच्या ऑफिसात खुर्चीवर बसला होता. दोघांनीही एकमेकांना ओळख दिली नाही.

नऊला दोघंही ऑफिसात जागेवर होते. त्याच अहवालावर सही करत साहेब म्हणाले, "शेजारच्यांकडे ही निष्ठा नाही रे."