सोळा विरुद्ध पंधरा

"चिठ्ठ्या आत्या मोजणार असेल, तरच आम्ही मत देऊ," मेंढपाळ म्हणाले.

मधवालीनं लगेच होकार दिला. चरून चरून उजाड झालेला वरचा उतार सात वर्षं चराईला बंद ठेवायचा, हा ठराव तिचाच होता, आणि त्याला सगळ्यात मोठा विरोध आत्याचा. आत्या म्हणजे नव्वद मेंढ्यांची मालकीण. एकही मेंढपाळ तिच्या शब्दाबाहेर नव्हता. तिनंच मोजल्यावर कोण शंका घेणार?

घरटी एक चिठ्ठी, एकतीस घरं. गावात प्रत्येकाला प्रत्येकाचं अक्षर ओळखू यायचं. उगाच घराघरांत वैर नको, म्हणून चिठ्ठ्या एकाच माणसानं बघायच्या आणि मोजून झाल्या की जाळायच्या, असं ठरलं.

आत्या डबा घेऊन शाळेच्या मागच्या खोलीत गेली. बाहेर धुकं इतकं खाली उतरलं होतं, की अंगणात उभी असलेली माणसं नुसत्या आवाजांसारखी वाटत होती. बऱ्याच वेळानं खोलीतून धुराचा वास आला आणि दार उघडलं.

"बंदला सोळा," आत्या म्हणाली. "उघड्याला पंधरा."

मग कोणाकडेही न बघता ती घरी निघून गेली.

त्या वर्षी आत्यानं साठ मेंढ्या विकल्या. गाडीत चढताना मेंढ्या ओरडत होत्या आणि ती प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवत होती. मधवाली तिथं जाऊन उभी राहिली.

"आलीच आहेस तर धर ही दोरी," आत्या एवढंच म्हणाली.

दुसऱ्या वर्षी चारा पुरला नाही. ऐन थंडीच्या तोंडावर मेंढपाळ आपापले कळप घेऊन उताराच्या फाटकापाशी जमले. मधवाली धावत पोचली, तेव्हा आत्या फाटकाला पाठ लावून उभी होती.

"आत्या, तू तरी समजून घे," तिचा सख्खा भाचा म्हणाला. "तूही आमच्याच बाजूची ना?"

"मोजलं कोणी?"

"तूच."

"किती होती मतं?"

भाचा काठीच्या टोकानं माती उकरू लागला.

"सोळा विरुद्ध पंधरा. ठरलं ते ठरलं. कळप वळव."

कळप वळले. घंटांचा आवाज धुक्यात खाली खाली जात विरून गेला. हरलेल्या माणसानं इतक्या सचोटीनं वागावं, हे बघून मधवालीला भरून आलं. त्या दिवसापासून रस्त्यात आत्या दिसली, की ती थांबून तिला आधी वाट द्यायची. भाचा मात्र पुढची दोन वर्षं आत्याच्या घरची पायरी चढला नाही.

एक गोष्ट मधवालीला राहून राहून छळायची. ते एक मत कोणाचं? तिनं स्वतः घरोघर फिरून, आपलं घर धरून, जेमतेम पंधरा होकार मिळवले होते. मग वरचं मत कोणी दिलं? लोहार तिच्याकडे बघून हसला, की तिला वाटायचं, हाच तो. विणकराच्या बायकोनं मधाच्या पोळ्यांसाठी जुनं कापड दिलं, की वाटायचं, नाही, हीच ती. असं करत करत गावातला जवळजवळ प्रत्येक माणूस तिला एकदा तरी आवडून गेला.

चौथ्या वर्षी उतारावर आधी गवत आलं, मग कुणाला नावं आठवेनात अशी फुलं. सकाळी ऊन पडलं, की सगळा डोंगर हळू आवाजात गुणगुणतोय असं वाटायचं. मधाची पोळी जड झाली. पाळीपाळीनं विळ्यानं गवत कापून आणायचं ठरलं, आणि उरलेल्या मेंढ्यांना बारा महिने चारा मिळू लागला. सहाव्या वर्षी आटलेला झरा परत वाहायला लागला. पहिल्या दिवशी लोक नुसते काठावर बसून राहिले. मोठ्यानं बोललं तर पाणी निघून जाईल, अशी जणू सगळ्यांना भीती वाटत होती.

आता ज्याला विचारावं तो सांगायचा, "मी बंदच लिहिलं होतं बरं का!" भाचासुद्धा. मधवालीचा नवरा हसून म्हणायचा, "या हिशोबानं गावात पन्नास घरं झाली!"

सातवं वर्ष संपत आलं, तेव्हा पलीकडच्या खोऱ्यातली माणसं शिकायला आली. शाळेच्या अंगणात मधवाली त्यांच्याशी बोलली. "आमच्यावर कोणी हुकूम केला नाही. एका मतानं का होईना, आमचं आम्ही ठरवलं. म्हणून ते टिकलं." माणसांनी ते वहीत उतरवून घेतलं.

दुपारी ती आत्याकडे गेली. आत्या दारात लोकर पिंजत बसली होती. समोर उतारावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या.

"आत्या, उद्या तुम्हीही दोन शब्द बोला ना त्यांच्याशी."

"माझं काय काम तिथं?"

"तुमचंच तर काम आहे. मनाविरुद्ध ठरलं, तरी तुम्ही पाळलंत. मला नसतं जमलं." ती आत्याच्या शेजारी टेकली. "आणि एक सांगाल? सात वर्षं झाली. आता कोणी कोणावर रागावणार नाही. ते सोळावं मत कोणाचं होतं?"

आत्याचे हात थांबले. तिनं लोकर मांडीवरून खाली ठेवली.

"सोळावं कुठलं, पोरी?" ती म्हणाली. "बंदला नऊच होती. माझं धरून."