टपाली मत

पंच्याऐंशीच्या निवडणुकीत जनार्दनची ड्यूटी जयपूरजवळच्या कानोत्याला लागली, म्हणून त्याचं मत टपालाने जाणार होतं. कचेरीच्या कोपऱ्यात त्याने मतपत्रिकेवर खूण केली, लिफाफा चिकटवला आणि घोषणापत्रासह साहेबांपुढे ठेवला. मतदार हाच, एवढीच साक्ष साहेबांनी सहीने द्यायची होती. त्या सहीशिवाय मत बाद. “जयपुरात आपण दोघंच मराठी आणि आपल्यात पडदा? दाखव की, कुणाला दिलंस,” साहेब हसले. “साहेब, मत गुप्त असतं.” “मग मी काय रेडिओवर सांगणार आहे?” जनार्दनने घोषणापत्र साहेबांकडे थोडं सरकवलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “अकोल्याला आई अंथरुणाला खिळली आहे ना तुझी? बदलीचा अर्ज आजच वर पाठवावा म्हणत होतो. बघू आता, निवडणुकीनंतर.” घोषणापत्र उचलायला जनार्दनने हात पुढे केला, पण उचलला लिफाफा. डिंक अजून ओला होता. उघडायला जोर लागला नाही.