अळंबीची जागा

सोंगी नावाची महागडी अळंबी उगवते ती जागा आमच्या डोंगरात बाप पोटच्या पोरालाही दाखवत नाही. दाखवतो ते मरणाच्या दारात. त्यामुळे चुसोकच्या, म्हणजे सुगीच्या, सणाला कारखान्यातून सुट्टी काढून घरी गेलो आणि वडील, आमचे आबा, म्हणाले, “चल, तुला जागा दाखवतो,” तेव्हा मी आधी विचारलं, “आबा, डॉक्टर काय म्हणाले?” “गप चल, शहाण्या.” चढावर मला धाप लागली, त्यांना नाही. कड्याआडच्या पाइनखाली त्यांनी काठीने पाचोळा दूर सारला. एकही अळंबी नव्हती. मग एक मूळ उकरून दाखवलं. “याच्यावर बुरशीची पांढरी जाळी असायची, तिलाच अळंबी यायची. तुमच्या कारखान्याचा धूर पावसातून मुरला, जाळी करपली. आता झाडंही चाललीत.” “म्हणजे तुम्ही ठणठणीत आहात?” “मला काय धाड भरलीय? जागा मेली, म्हणून दाखवली.” त्यांनी काठी दरीत भिरकावली. “आता खुशाल सांग सगळ्या गावाला.”